सरांनी सोडलेला चहा

दहावीच्या सबंध वर्षात आमच्या सरांनी मला एकदाही उन्हात उभं केलं नाही. माझी पाटी मात्र जवळजवळ रोज उन्हात असायची.

मुलांना शिक्षा करणं सरांना पसंत नव्हतं. "चूक समीकरणाची हाय, पोराची न्हाय," असं म्हणून ते ज्या पाटीवर समीकरण चुकलंय ती पाटी वर्गाबाहेर नेऊन भिंतीला टेकवायचे, अक्षरांचं तोंड सूर्याकडे करून. तास संपेपर्यंत ते समीकरण तिथं उभं. पाणी प्यायला जाणारी नववीची पोरं थांबून वाचायची, हसायची. दहावीला आलेली घोडी दप्तरात पाटी घालून आणतात याचंच त्यांना मुळात हसू यायचं. पण सरांचा वहीवर विश्वास नव्हता. वही मिटली की चूक झाकते, पाटी मिटत नाही, हे त्यांचं त्यावरचं म्हणणं.

ही परंड्याची शाळा. सर आम्हाला सगळं विज्ञान शिकवायचे, पण प्रकाशाचे किरण आणि वनस्पतींची वर्गवारी ते सासरच्या कार्यक्रमाला आल्यासारखे उरकायचे. त्यांचा खरा जीव रासायनिक समीकरणांत. उंच, किडकिडीत माणूस. एका कानावर पांढरा खडू, दुसऱ्या कानावर पिवळा. पांढऱ्यानं समीकरण लिहायचं आणि पिवळ्यानं फक्त पुढचे आकडे. पाण्याचे रेणू दोन लागत असतील तर 'एच टू ओ'च्या पुढं पिवळा दोन. "पांढऱ्याला हात लावायचा न्हाय, ते बापजाद्यांनी ठरवून दिल्यालं हाय. तुमचा अधिकार फक्त पिवळ्यावर," हे वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकलं की आजही पिवळं काही दिसलं की मला थोडा अधिकार वाटतो.

सरांचा दुसरा मंत्र म्हणजे "आलं किती, गेलं किती." डाव्या बाजूला जेवढे अणू आले तेवढेच उजव्या बाजूनं बाहेर पडले पाहिजेत. एकही वाटेत हरवायचा नाही, एकही फुकटचा घुसायचा नाही. हा नियम सरांनी समीकरणापुरता ठेवला असता तर ठीक होतं. पण ते एसटीत चढले की सगळी माणसं मोजायचे आणि उतरताना कंडक्टरला हिशोब विचारायचे. मुख्याध्यापकांनी शिक्षकांची बैठक बोलावली की सर बाहेरच्या चपला मोजून मग आत जायचे. एकदा एक चप्पल विषम निघाली तर बैठक दहा मिनिटं थांबली. शेवटी कळलं की मराठीच्या बाईंच्या एका चपलेचा अंगठा तुटला होता आणि त्यांनी ती शिपायाकडून दुरुस्तीला पाठवली होती. सर तेव्हाच आत बसले.

ऑक्सिजन एकटा लिहिला की ते फार दुखावायचे. "अरे वकीलसाहेब, ऑक्सिजन बैलासारखा हाय, जोडीनंच औताला येतो. एकटा दिसला तर समजायचं कुठंतरी भांडण झालंय." मुलगा असो, मुलगी असो, आम्ही सगळे वकीलसाहेब होतो, कारण चुकल्यावर प्रत्येकजण आपली बाजू मांडायचा. एकदा त्यांनी आम्हाला मैदानावर नेऊन अणू केलं. लाल रिबिनवाल्या मुली ऑक्सिजन, बाकी सगळे लोखंड. ऑक्सिजननं दोघी-दोघींनी हात धरायचे. त्यात माझ्या मैत्रिणीची जोडी नेमकी तिच्या चुलत बहिणीशी लागली. दोघींच्या घरात बांधावरून बोलणं बंद होतं. "मी हिचा हात धरणार न्हाय," म्हणून मैत्रीण अडून बसली. सर म्हणाले, "घरी गेल्यावर भांड. आत्ता तू ऑक्सिजन हायस." दोघींनी नाकं मुरडत हात धरले आणि पुढच्या आठवड्यात डबाही एकत्र खायला लागल्या. बांधाचं भांडण अजून आहे असं ऐकते.

आता चहाबद्दल सांगायलाच हवं. शाळेच्या फाटकासमोर एक हॉटेल होतं. हॉटेल म्हणजे पत्र्याची शेड, दोन बाकडी आणि स्टोव्ह. दिवसभरात सर तिथं किती वेळा जायचे हे त्यांनी स्वतः कधी मोजलं नसावं, कारण मोजलं असतं तर त्यांनाच लाज वाटली असती. चहा बशीत ओतून, डोळे मिटून, फुर्रर्र असा आवाज करत ते प्यायचे. तो आवाज दहावीच्या वर्गात ऐकू यायचा आणि आम्ही पाट्या आवरायचो, कारण आवाजानंतर दोन मिनिटांनी सर दारात.

असा हा माणूस दरवर्षी दिवाळीची सुट्टी संपली की चहा सोडायचा. नियम असा, की दहावीतल्या शेवटच्या मुलाला समीकरण संतुलित करता येईपर्यंत चहाचा थेंब घ्यायचा नाही. आमच्या भागात माणसं देवासाठी काहीबाही सोडतात. कुणी गोड सोडतं, कुणी पायात घालत नाही. त्यामुळं लोक याला सरांचा नवस म्हणायचे. सर चिडायचे. "नवस न्हाय. देवाला मधी घ्यायचं काम न्हाय. पोरांला आलं न्हाय तर मला घसा ओला करायचा हक न्हाय, एवढंच." एरवी आठ-दहा दिवसांत वर्ग तयार व्हायचा आणि सर हॉटेलात जाऊन लागोपाठ दोन कप घ्यायचे.

आमच्या वर्षी नवव्या दिवशी एकच मुलगी उरली. ती मी.

मी सोनारीची. काळभैरवनाथाचं ठाणं असलेलं आमचं गाव परंड्याहून एसटीनं रोजच्या येण्याजाण्याचं. अभ्यासात मी अगदीच ढ नव्हते. गणित बरं होतं, पाढे तोंडावर होते. पण समीकरण समोर आलं की माझा हात आपोआप पांढऱ्याकडे जायचा. हायड्रोजन आणि ऑक्सिजन मिळून पाणी. डावीकडे ऑक्सिजन दोन, उजवीकडे एकच. मी मुकाट्यानं उजवीकडच्या ऑक्सिजनच्या पायाशी बारीक दोन लिहून टाकायची. झाले ना समान? सर कपाळाला हात लावायचे. "वकीलसाहेब, हे पाणी न्हाय राहिलं. हे जखम धुवायचं औषध झालं. तहान लागल्याल्या माणसाला हे पाजणार हायस व्हय?" आणि माझी पाटी उन्हात.

मला नियम पाठ होता. पांढऱ्याला हात लावायचा नाही हे मी झोपेतसुद्धा सांगितलं असतं. पण आकडा कमी पडला की मनातून कुणीतरी म्हणायचं, आत घाल, आत घाल, आणि मी आत घालायची. असं का व्हायचं ते मलाही माहीत नव्हतं.

बारावा दिवस गेला, पंधरावा गेला. सर रोज मधल्या सुट्टीत मला एक समीकरण घालायचे आणि रोज हताश होऊन फाटकापर्यंत जाऊन परत यायचे. त्यांचं डोकं दुखायचं. एकदा त्यांनी शर्ट उलटा घातला आणि दिवसभर तसेच फिरले. एकदा हजेरी घेताना मुलांच्या नावांऐवजी धातू वाचायला लागले, आणि गंमत म्हणजे सोडियमला कुणीतरी "हजर" म्हणालंसुद्धा. सगळे हसले, मी मात्र पाटी पुसत बसले.

कारण आता सगळं परंडं माझ्या मागं लागलं होतं. हॉटेलवाले मामा फाटकात गाठून म्हणाले, "पोरी, सर लांबूनच स्टोव्हकडं बघतेत गं. मला बघवत न्हाय." कंडक्टर पास बघताना विचारायचा, "आलं का?" मी नाही म्हणून मान हलवली की अख्खी गाडी चुकचुकायची. मुख्याध्यापकांनी मला बोलावून बदाम दिले. एक दिवस तर सरांच्या बायको, काकू, बसस्थानकावर आल्या. शांत, बुटक्या बाई. माझ्या शेजारी बसल्या आणि पिशवीतून पेरू काढून मला दिला. म्हणाल्या, "मी तुला दोष द्यायला आले न्हाय बरं का. पण रात्रभर ते पडल्या पडल्या पुटपुटतेत. म्हणतेत, मलाच शिकवायला जमंना झालंय. पंचवीस वर्षं वाया गेली म्हणतेत." पेरू माझ्या हातात तसाच राहिला.

चहाचं मला हसू येत होतं तोवर ठीक होतं. सर स्वतःला नापास समजायला लागलेत हे ऐकलं आणि मी ठरवलं, उद्या काहीही करून समीकरण सोडवायचं. काहीही करून म्हणजे कॉपी करून.

ठरलं असं, की मैत्रिणीनं खिडकीबाहेर उभं राहायचं आणि बोटं दाखवायची. दुसऱ्या दिवशी सरांनी घातलं लोखंड आणि ऑक्सिजनचं, गंज चढतो ते. मैत्रिणीनं खिडकीतून आधी चार बोटं दाखवली, मग तीन, मग दोन. मी पिवळ्या खडूनं चार लिहिले, तीन लिहिले, दोन लिहिले. पांढऱ्याला हात लावला नाही.

सरांनी पाटी उचलली. डावीकडं मोजलं, उजवीकडं मोजलं. परत मोजलं. लोखंड चार, चार. ऑक्सिजन सहा, सहा. त्यांचा चेहरा असा काही फुलला की मला जमिनीनं पोटात घ्यावं असं वाटलं. "मामा!" त्यांनी फाटकाच्या दिशेनं हाक मारली. मामा धावतच कप-बशी घेऊन आले. शिक्षक बाहेर आले, शिपाई आला, नववीची पोरं भिंतीवर चढली. सरांनी चहा बशीत ओतला. डोळे मिटले. बशी ओठांपर्यंत नेली.

"सर, पिऊ नका," मी ओरडले. "म्या बोटं बघून लिवलंय."

सरांनी डोळे उघडले. बशीतला चहा कपात परत ओतला, एक थेंब न सांडता. मामा काकुळतीला आले. "अहो सर, ओतलाय तर घ्या की! पोरीनं कबूल तर केलं." सरांनी कप मामांच्या हातात परत दिला आणि ते माझ्याकडे बघत राहिले. ते रागावतील म्हणून मी मान खाली घातली. पण त्यांनी विचारलं, "ऐतवारी घरी असतीस का?"

रविवारी सर सोनारीला आले. आमच्याकडे रविवारी देवाला गर्दी असते आणि देवाला आलेला पाहुणा आमच्या घरी आल्याशिवाय राहत नाही. त्या दिवशी करमाळ्याकडचे चौघे सकाळपासूनच बसले होते. सरांना बघून आई पदर सावरत बाहेर आली, त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि लगेच चहा टाकायला वळली.

"चहा नको, ताई," सर म्हणाले.

आईचा चेहरा पडला. आमच्याकडे दारात आलेल्यानं चहा नाकारला तर बाईला ते मनाला लागतं. "का वो सर? आमच्या हातचा चालत न्हाय व्हय?"

"तसं न्हाय. तुमच्या लेकीनं बंद केलाय."

मी घरी यातलं अक्षरही सांगितलं नव्हतं. सगळी कहाणी ऐकल्यावर आईनं माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं, ते पाहुण्यांमुळं नजरेवरच थांबलं. एरवी लाटणं आलं असतं.

सर माजघराच्या उंबऱ्याशी येऊन बसले आणि म्हणाले, "तुमचं चालू द्या. मी बसतो इथं." कशाला बसतायत ते कुणालाच कळेना. आई चुलीपुढं भाकरी थापत होती, गॅसवर येसराची, म्हणजे भाजून दळलेल्या मसाल्याच्या पिठाची, आमटी रटरटत होती. मी पाटावर बसून सरांनी दिलेलं समीकरण बघत होते. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी लिहून दिलं होतं. लोखंड आणि पाण्याची वाफ मिळून लोखंडाचं ऑक्साइड आणि हायड्रोजन. उजवीकडे ऑक्सिजन चार, डावीकडे पाण्यात एकच. माझा हात निघाला आत, पाण्यातल्या ऑक्सिजनच्या पायाशी.

तेवढ्यात अंगणातून मोठा भाऊ ओरडला, "आये, आनखी तिघं आलेत!"

आईनं एक शब्द न बोलता तांब्याभर पाणी आमटीत ओतलं, वर चमचाभर येसर आणि तिखट टाकलं आणि पळीनं ढवळलं.

सर ताडकन उठले. उंबऱ्याला डोकं आपटलं तरी त्यांचं लक्ष नव्हतं. "सापडलं! ताई, तुमच्याकडं रोजच असं व्हतंय का?"

"काय?"

"माणसं वाढली की आमटीत पाणी?"

आई ओशाळली. "आता सर, देवाचं गाव हाय. किती येतेल ते सांगता येत न्हाय. येसर घातलं की आमटी आमटीच राहती. पावण्याला कळत बी न्हाय."

पाहुण्यांपैकी एकजण बाहेरून म्हणाला, "कळतंय की वो ताई." सगळे हसले.

सर माझ्याकडे वळले. "वकीलसाहेब, म्हणून तुमचा हात आत जातोय. जन्मल्यापासून हेच बघितलंय तुम्ही. कमी पडलं की भांड्याच्या आत घालायचं!" मग आईला म्हणाले, "आन ताई, भाकरी कमी पडली तर? पिठात पाणी वाढवता का?"

आईला हा प्रश्न इतका खुळा वाटला की ती सरांचा सरपणा विसरली. "अवो, काय बोलायलाव? पाणी वाढवलं तर भाकरी तव्यावर फाटंल की. ती भाकरी राहील व्हय? भाकरी कमी पडली तर दुसरी थापायची. आन दुसरी कमी पडली तर तिसरी. भाकरीच्या आत काय बी घालता येत न्हाय, भाकऱ्या वाढवता येतेत फकस्त."

सरांनी बोटानं माझ्यापुढचा कागद दाखवला. पंचवीस वर्षं दोन रंगांच्या खडूंनी जे सांगितलं ते माझ्या आईनं पीठ लागलेल्या हातानं एका दमात सांगितलं होतं.

मी कागदाकडे बघितलं. पाणी म्हणजे आमटी नाही. पाणी ही भाकरी आहे. ऑक्सिजन चार पाहिजेत आणि एका पाण्यात एक, तर पाणीच चार घ्यायचे. पुढं चार. मग हायड्रोजन आठ झाले, ते जोडीजोडीनं बाहेर पडणार, म्हणजे चार जोड्या. लोखंड पलीकडे तीन, तर इकडे तीन. मी लिहिलं आणि वर बघितलं. खिडकीत कुणी नव्हतं.

सरांनी कागद घेतला नाही. "दुसरं कर," म्हणाले. मी केलं. तिसरं घातलं, तेही केलं. चौथ्याला मीच म्हणाले, "सर, अवघड घाला की जरा." तेव्हा कुठं त्यांनी पाय पसरले, भिंतीला टेकले आणि आईला म्हणाले, "ताई, आता टाका चहा."

तो चहा आईनं काय थाटात केला! आलं ठेचलं, ठेवणीतली कप-बशी काढली, पाहुण्यांसाठीच्या दुधातलं अर्धं पातेलं त्याच्यातच ओतलं. करमाळ्याचे पाहुणे, भाऊ, शेजारच्या दोन बायका, सगळे माजघराच्या दारात गोळा झाले. पंचवीस-सव्वीस दिवसांनी सर चहा पिणार होते. आईनं कप पुढं ठेवला. सरांनी चहा बशीत ओतला.

आणि बशी तशीच खाली ठेवली. खिशातून मोबाइल काढला आणि घरी फोन लावला.

"अगं, आलं पोरीला," ते म्हणाले. "व्हय, खरंच. बोटं न्हाय, बिटं न्हाय. माझ्या डोळ्यांदेखत. आता तू बी चहा ठेव."

पलीकडून काकू काहीतरी म्हणाल्या. बहुतेक "मी कुठं सोडलाय," असं काहीतरी असावं, कारण सर म्हणाले, "उगी खोटं बोलू नको. दिवाळीपासनं चहापत्तीचा डबा हललेला न्हाय. मी काय मोजत न्हाय का?"

काकू तेव्हा हसल्या. फोनमधून आम्हाला सगळ्यांना ऐकू आलं. बसस्थानकावर त्या माझ्या शेजारी बसल्या होत्या आणि त्यांनी स्वतःविषयी एक अक्षर काढलं नव्हतं. माझ्यामुळं एकाचा नाही, दोघांचा चहा अडला होता, हे मला तेव्हा कळलं, आणि मला रडूच आलं.

सर फोनचा स्पीकर लावून बसून राहिले. बशीतला चहा निवत चालला. त्याच्यावर साय धरली. आईला राहवेना. "सर, घ्या की वो. पार गार झाला."

सरांनी तिला हातानं थांबवलं.

"दम धरा ताई," ते म्हणाले, "तिचा अजून उकळायलाय."

सगळं माजघर थांबलं. पाहुणे थांबले, तव्यावरची भाकरी थांबली. बऱ्याच वेळानं फोनमधून बारीकसा फुर्रर्र असा आवाज आला. मग सरांनी बशी उचलली.